कॅनडाच्या व्हिसा पत्राला उत्तर देण्याबाबत मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. माझ्या भाचीने कॅनडाच्या स्टडी परमिटसाठी अर्ज केला होता. गेल्या आठवड्यात तिला पत्र आले, की अर्जासोबतचे बँकेचे प्रमाणपत्र पडताळणीत खरे ठरलेले नाही आणि त्यावरील आपले म्हणणे तिने 30 दिवसांत मांडावे. ते प्रमाणपत्र आमच्या एजंटाने परस्पर जोडले होते, आणि आता तो फोनही उचलत नाही. (अर्जाची प्रत आधी मागून घ्यायला हवी होती, ही चूक आमचीच.)

निर्णयाचा माणसाच्या आयुष्यावर परिणाम जितका गंभीर, तितकी प्रक्रिया अधिक न्याय्य असावी, असा निकष तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1999 च्या बेकर खटल्यात मांडला आहे; बाजू मांडण्याची ही संधी त्यातलीच. मात्र अर्जात खोटी माहिती देण्याबाबतच्या तेथील स्थलांतर कायद्याच्या कलम 40 मध्ये ‘प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष’ असे शब्द असल्याने, एजंटाने केले एवढे सांगून भागेल असे वाटत नाही, आणि निर्णय विरुद्ध गेला तर 5 वर्षांची प्रवेशबंदी आहे.

तेव्हा घडले ते प्रतिज्ञापत्रावर स्पष्ट लिहून, एजंटाशी झालेले संदेश आणि बँकेने नव्याने दिलेले खातेउतारे जोडावेत, की त्यातून उलट कबुलीच दिल्यासारखे होईल? मुदतवाढ कोणी मागितली आहे का? नकार आल्यास फेडरल कोर्टात जाण्यासाठी 60 दिवस मिळतात. त्यासाठी तेथील वकील आत्ताच गाठावा का? स्वतः असे उत्तर दिलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.