मदत हवी आहे: न्यूट्रोफिल कंट्रोलमध्येही जगतायत, डीएनएमुळे की एलपीएसमुळे?

नमस्कार मंडळी, एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, प्रोजेक्ट पार अडकलाय म्हणून लिहितेय. विषय असा की बॅक्टेरियाचा डीएनए मिळाला की न्यूट्रोफिलचं (रक्तातल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं) मरण लांबतं का. एरवी या पेशी फार थोडं जगतात, प्लेटमध्ये ठेवल्या की एका दिवसात बऱ्याचशा आपोआप अपॉप्टॉसिसने (पेशीच्या ठरलेल्या मरणाने) जातात. बॅक्टेरियाच्या डीएनएत सीपीजी जागा (सी अक्षरानंतर लगेच जी) भरपूर आणि मिथाइल न लागलेल्या असतात, आपल्यात कमी आणि बहुतेक मिथाइल लागलेल्या, त्यावरून टीएलआर९ हा आपल्या पेशींतला रिसेप्टर परका डीएनए ओळखतो (२००० साली ओसाकाच्या आकिरांच्या लॅबने दाखवलं ते). आणि २००४ च्या माँट्रियलच्या पेपरमध्ये सीपीजीमुळे न्यूट्रोफिलचा अपॉप्टॉसिस लांबतो असं स्पष्ट आलंय.

मी ई. कोलायचा डीएनए स्वतः काढून घातला, २४ तासांनी गीम्सा रंग देऊन मायक्रोस्कोपखाली पाहिलं. नुसत्या मीडियममधल्या पेशींचं केंद्रक आकसून एकच काळा गोळा झालेला, आणि डीएनए घातलेल्यात तीन-तीन, चार-चार खंड बारीक दोऱ्याने जोडलेले तसेच शाबूत! इतका आनंद झाला. पण वासराच्या थायमस ग्रंथीचा डीएनए, जो आपल्यासारखाच सस्तन प्राण्याचा म्हणून कंट्रोलला घातला, त्यातही बऱ्याच पेशी जिवंत. तीनदा केलं, तेच. रक्त वर्गातलेच देतात, आता चौथ्यांदा मागायला जिवावर येतंय, म्हणून आधी विचारते, नेमकं काय तपासू?

प्रतिसाद: पहिला संशय एलपीएसवर (ई. कोलायसारख्या बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला घटक) घ्या. ई. कोलायमधून काढलेल्या डीएनएत ते येतंच, थायमसच्या बाटलीतही असू शकतं, आणि एलपीएस एकटंसुद्धा न्यूट्रोफिलला जगवतं. उकळून ते जात नाही, त्यामुळे ऑटोक्लेव्ह केलं म्हणून निर्धास्त राहू नका. दोन्ही डीएनए लिम्युलस टेस्टला (एलपीएस आहे का ते दाखवणारी चाचणी) लावा. मग एका भागात पॉलिमिक्सिन बी घाला, ते एलपीएसला धरतं, सीपीजीला हात लावत नाही. दुसऱ्या भागावर डीएनेज चालवा, डीएनएचे तुकडे झाल्यावरही पेशी जगल्या तर ते काम डीएनएचं नाहीच. आणि जमलं तर ई. कोलायचाच डीएनए सीपीजी मिथाइलेजने मिथाइल करून घाला, थायमसपेक्षा हा कंट्रोल कितीतरी चांगला, कारण बाकी सगळं तेच राहतं.

धागाकर्ती: खूप खूप आभार! क्लोरोक्वीनपण लावू का? टीएलआर९ एंडोसोममध्ये (पेशीच्या आतल्या बारीक पिशव्यांत) असतो ना, क्लोरोक्वीनने तिथली आम्लता गेली की तो चालत नाही असं वाचलंय.

प्रतिसाद: लावा, पण प्लेटमध्ये नुसत्या क्लोरोक्वीनचा एक खळगा (वेल) ठेवाच, रात्रभरात ते स्वतःच पेशी मारू शकतं. आणि लिम्युलसचा निकाल येईपर्यंत रक्त मागू नका कुणाकडे.