पिंटूचं भाषण आणि जोनाथन डेव्हिस: आमच्या घरच्या ग्रुपवर

दादा (कार्डिफ): नानाकाका, वेल्सचा रग्बीपटू जोनाथन डेव्हिस याच्यावरच्या पिंटूच्या भाषणाखाली तुम्ही काल जे लिहिलंत ते त्याने स्वतः वाचलं. नऊ वर्षांचं पोर आहे ते. "पैशासाठी आपली माणसं सोडणाऱ्याचं कसलं कौतुक" हे नक्की कुणाला होतं?

नानाकाका: त्या खेळाडूला. तू कशाला अंगाला लावून घेतोस? माझा प्रश्न एवढाच, पैसे घेतले की नाही?

दादा: घेतले. जानेवारी १९८९ मध्ये वेल्स सोडून इंग्लंडच्या विडनेस क्लबकडे गेला, दोन लाख पौंडांच्या वर. पिंटूने लपवलेलं नाही.

छोटू: जोनाथन डेव्हिस म्हणजे २०१७ च्या लायन्स (ब्रिटन-आयर्लंडचा एकत्र संघ) दौऱ्यावरचा ना? कसला खेळला होता 🔥

दादा: तो वेगळा रे. तो सेंटर, १९८८ चा जन्म. हा १९६२ चा, वेल्समधल्या ट्रिमसरन गावचा, फ्लाय-हाफ, म्हणजे संघाचा डाव चालवणारा. टोपणनाव जिफी.

छोटू: एका नावाचे दोन! आपल्याकडे बाळू तीन आहेत तसं 😄

माई आत्या: बाळूवरून आठवलं. गावच्या घराच्या कौलांचे पैसे अजून चौघांचे यायचेत. नावं घ्यायला लावू नका.

नानाकाका: विषय बदलू नका. पैसे घेतले ना? मग झालं.

वहिनी (कार्डिफ): काका, राग मानू नका, पण तेव्हाचा नियम माहीत हवा. रग्बी युनियनमध्ये खेळण्याचे पैसे मिळत नसत. रग्बी लीगमध्ये मिळत. आणि जो लीगमध्ये गेला त्याला युनियनची दारं कायमची बंद.

छोटू: दोन्ही रग्बीच ना? मग दोन कशाला?

दादा: १८९५ मध्ये हडर्सफील्डला फुटले. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू खाणीत, गिरणीत कामाला. शनिवारी सामना म्हणजे मजुरी बुडणार. क्लब म्हणाले, बुडालेली मजुरी भरून देऊ. वरचे म्हणाले, चालणार नाही. तिथून वेगळे झाले. पुढे लीगचा खेळ तेराचा झाला, युनियनचा पंधराचाच राहिला.

अण्णा: बुडालेल्या मजुरीचे पैसे घेण्यात पाप काय? आपल्या बाबांनी गिरणीत हेच भोगलं.

नानाकाका: अण्णा, याला मजुरी नव्हती मिळाली, रक्कम मिळाली होती. पैसे घेतले ना?

माई आत्या: कौलांचे पैसे 🙏

दादा: काका, एकदा पूर्ण ऐका. याचे वडील तो लहान असतानाच गेले. लानेली क्लबने त्याला घेतलं नाही, मग नीथ क्लबकडून खेळला. १९८५ मध्ये इंग्लंडविरुद्ध पहिला कसोटी सामना, त्यात ट्राय (चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे टेकवणं) आणि ड्रॉप गोल (टप्पा पडलेला चेंडू लाथेने खांबांमधून मारणं) दोन्ही. १९८७ च्या पहिल्या विश्वचषकात वेल्स तिसरा, १९८८ ला ट्रिपल क्राउन, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड तिघांनाही हरवलं. त्याच वर्षी न्यूझीलंडमध्ये ५२-३ आणि ५४-९ असे दोन मार खाल्ले. परत आल्यावर याने वेल्सच्या रग्बी युनियन संघटनेच्या वार्षिक सभेत बोलायला वेळ मागितला. काय चुकतंय ते सांगायचं होतं. बोलू दिलं नाही! डिसेंबरात रोमानियाकडून कार्डिफमध्येच हरले. कर्णधार हाच होता, खापर याच्यावर फुटलं. पुढच्या महिन्यात तो गेला.

वहिनी (कार्डिफ): ज्याचं कुणी ऐकून घेत नाही तो किती दिवस थांबेल?

नानाकाका: सूनबाई, टोमणा कळला. तुझ्या सासूच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दवाखान्यात आम्ही बसलो होतो. तेव्हा कोण कुठे होतं?

दादा: काका, ते इथे नको. फोन करतो.

छोटू: बरं, लीगमध्ये जमलं का त्याला?

दादा: लोक म्हणत होते, एवढासा गडी, तिकडे चेंगरेल. व्यायाम करून अंग कमावलं. त्याच वर्षी विडनेसने कॅनबेराला ३०-१८ हरवून जागतिक क्लब विजेतेपद मिळवलं. मग वॉरिंग्टन क्लब. १९९४ मध्ये मॅन ऑफ स्टील, म्हणजे लीगमधल्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि ऑक्टोबरात वेम्बलीवर ऑस्ट्रेलियाविरुद्धचा तो ट्राय. ग्रेट ब्रिटनचा एक गडी मैदानाबाहेर काढलेला, बाराच उरलेले. हा फुलबॅकला, म्हणजे सगळ्यांच्या मागे. बाहेरच्या बाजूने असा सुटला की कोपऱ्यात जाऊनच पडला. ८-४ जिंकले. लिंक टाकतो, बघाच.

अण्णा: बघितलं. दोनदा. काय पळतो! 👏

नानाकाका: चांगला आहे. पण पैसे घेतलेच.

अण्णा: नाना, आता पुरे. तुला बँकेत चिकटवलं ते कबड्डीवर. गल्लीचा संघ सोडून बँकेच्या संघात गेलास तेव्हा बाबांनी चाळभर पेढे वाटले होते. तुला कुणी पळपुटा म्हटलं?

नानाकाका: मी रोज रात्री घरी येत होतो, अण्णा.

वहिनी (कार्डिफ): काका, तोही घरी आला. १९९५ मध्ये युनियनने पैशांवरची बंदी उठवली आणि तो लगेच कार्डिफ क्लबकडे परतला. मार्च १९९७ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, पुन्हा वेल्सचा फ्लाय-हाफ. कार्डिफच्या जुन्या आर्म्स पार्क मैदानावरचा तो शेवटचा आंतरराष्ट्रीय सामना. त्याच वर्षी त्याची बायको कर्करोगाने गेली. आज तो इथल्या वेलिंद्रे कर्करोग रुग्णालयासाठी निधी गोळा करतो.

माई आत्या: अरेरे. मुलं केवढी होती रे?

वहिनी (कार्डिफ): लहान होती, आत्या.

नानाकाका: हे भाषणात आहे का?

दादा: परतल्याचं आहे. सभेचं नाही. मीच काढायला लावलं, लांबत होतं.

नानाकाका: ते आधी घाल. रकमेचा आकडा राहू दे, पण रोमानियाच्या सामन्यानंतर सांग. नाहीतर ऐकणाऱ्याला माझ्यासारखंच वाटेल. आणि पिंटूला फोन दे, मी बोलतो त्याच्याशी.

दादा: झोपलाय. सकाळी आठला देतो, तुमच्याकडे दुपार असेल.

नानाकाका: जागाच आहे मी.