फॉलिक ॲसिडची गोळी कधीपासून घ्यावी?

पालेभाज्या आणि डाळी रोज खाणाऱ्या स्त्रीला गरोदरपणासाठी फॉलिक ॲसिड या जीवनसत्त्वाची वेगळी गोळी कशाला हवी, असा प्रश्न पडू शकतो. खरा मुद्दा वेळेचा आहे. ज्या न्यूरल ट्यूबपासून, म्हणजे गर्भातल्या सुरुवातीच्या नळीपासून, बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत, म्हणजे पुष्कळदा पाळी चुकल्याचे नीट लक्षात येण्याआधीच, बंद होते, आणि ती नीट बंद व्हायला फॉलिक ॲसिड तेव्हाच लागते; त्यामुळे डॉक्टरांकडे पहिली खेप होईपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मूल हवे असे ठरल्यावर, निदान महिनाभर आधीपासून पहिले तीन महिने पूर्ण होईपर्यंत, रोज ४०० मायक्रोग्रॅम घ्यावे असे सांगितले जाते. आधीच्या बाळात ही नळी नीट बंद न झाल्याचा दोष आढळला असेल, तर मात्रा दसपट म्हणजे ४ मिलिग्रॅम असते, पण ती डॉक्टरांनीच ठरवावी.

मेथी, पालक, चवळी, मसूर यांत फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडचे अन्नातले नैसर्गिक रूप, भरपूर असते हे खरे, परंतु ते पाण्यात विरघळते आणि उष्णतेने कमी होते, त्यामुळे भाजी उकडून पाणी ओतून देण्याची आपली सवय त्यातले बरेचसे मोरीत घालवते. शाकाहारी स्त्रियांनी बी-१२ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे, कारण त्याची कमतरता असताना नुसत्या फॉलिक ॲसिडने रक्त सुधारलेले दिसते, पण मज्जातंतूंची हानी चालूच राहते.

जाता जाता, फॉलिक ॲसिडच्या शोधाची सुरुवात मुंबईतली आहे: ब्रिटिश डॉक्टर लूसी विल्स यांनी १९२८ नंतर येथील गरोदर गिरणी कामगार स्त्रियांच्या पंडुरोगाचा (रक्तक्षयाचा) अभ्यास केला आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे दाखवले.