'लागू' म्हणजे नेमकं कुठपर्यंत?

परळकर: आजोबांची वही टाइप करतोय. ते लालबागला गिरणीत होते, गाव कागलजवळ; पलीकडचं निपाणी कर्नाटकात. 1975 ची नोंद आहे : "कर्जातून सोडवायचा कायदा झाला. निपाणीस गेलो. सावकार पाटल्या देईना. म्हणाला, तुमचा कायदा दूधगंगेपलीकडचा, हितं लागू न्हाई." तळटीपेत मी लिहिलं, 'कायद्याचा विस्तार महाराष्ट्रापुरता होता'. बायको म्हणते, 'विस्तार' ऐकलं की शेकोटीचा विस्तव आठवतो; सरळ 'लागू' लिही. दोन्ही एकच ना?

फोर्टातला कारकून: नाहीत. विस्तार म्हणजे कायदा कुठवर पसरलाय. तो नकाशावर दाखवता येतो. लागू म्हणजे कोणाला आणि कशाला चिकटतो. हा महाराष्ट्राचा कर्जमुक्तीचा कायदा राज्यभर पसरलेला होता, पण राज्यातल्या प्रत्येकाला लागू नव्हता; लहान शेतकरी, कारागीर, मजूर, कामगार अशांनाच. वहिनींना सांगा, सरकारी मराठीत 'विस्तार' रुळलाय, कानाला खटकला तरी.

डोंबिवलीचा काका: आणि 'लागू' हा 'लागणे'मधून आलाय हे विसरू नका. औषध लागू पडतं, शेताला लागून शेत असतं. स्पर्श हवा. सावकाराला घटनेचं कलम 245 ठाऊक नसेल, पण बोलला बरोबर. राज्याच्या विधानसभेला राज्यापुरताच कायदा करता येतो. देशाबाहेर हात पोचवायची सवलत फक्त संसदेला. पाटल्या निपाणीच्या तिजोरीत, व्यवहार तिथला. कर्नाटकाने 1976 मध्ये स्वतःचा कायदा केला, तो वेगळा.

फोर्टातला कारकून: काका, थोडं थांबा. हद्दीबाहेरचा माणूस म्हणजे कायदा संपला, असं नाही. 1957 चा चमारबागवाला खटला बघा. शब्दकोड्यांच्या बक्षीस-स्पर्धांवर मुंबई राज्याने कर लावला. कोडी छापणारं साप्ताहिक बंगळूरचं. पण खपत होतं इथे, प्रवेश फी इथेच गोळा व्हायची. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, संबंध पुरेसा आहे, कर लागू. (शब्दचर्चेत शब्दकोड्याचा खटला निघावा, याचा मला भलताच आनंद झालाय.)

परळकर: मग त्या 'संबंधा'ला मराठी शब्द? 'संबंध' फारच मोघम वाटतो.

डोंबिवलीचा काका: लागाबांधा! 'लागू'च्याच घरातला.

फोर्टातला कारकून: शब्द छान, पण अनेकवचन केलं की टेंडर आठवतं. 'लागेबांधे आढळले' म्हटलं की लगेच चौकशी बसते. मी अर्जात 'पुरेसा प्रादेशिक संबंध' लिहितो आणि मनात लागाबांधा म्हणतो.

परळकर: म्हणजे निपाणीच्या सावकाराने मुंबईच्या कोर्टात आजोबांवर दावा लावला असता तर?

फोर्टातला कारकून: तर गोष्ट पालटली असती. अशा कर्जाचा वसुली दावा दिवाणी कोर्टाने चालवायचाच नाही, असं कायद्यातच होतं. 1977 मध्ये फत्तेचंद हिंमतलाल खटल्यात तो सर्वोच्च न्यायालयात टिकलाही. वसुलीला सावकार इकडे आला की कायदा त्याला लागू. आजोबा गहाण पाटल्या मागायला तिकडे गेले, तर लागू नाही. विस्तार तोच.

डोंबिवलीचा काका: आणि तळटीपेत 'कर्जमाफी' घालू नका हो. राज्याच्या 2019 च्या शेतकऱ्यांसाठीच्या योजनेच्याही नावात 'कर्जमुक्ती'च आहे. माफी गुन्ह्याला असते.

परळकर: टीप बदलली : 'कायद्याचा विस्तार महाराष्ट्रापुरता, निपाणीतल्या गहाणाला तो लागू नव्हता.' बायकोने दोन्ही शब्द पास केले. पाटल्यांबद्दल वहीत पुढे काहीच नाही.