टोरेंट मुद्दाम स्लो करतात का? (सोसायटी ग्रुप, मनीषनगर, नागपूर)

निखिल, बी-३०२: कोणाचं टोरेंट चालून राहिलं का? उबंटूची (कॉम्प्युटरची फुकट सिस्टीम) फाईल कालपासून लटकली आहे. यूट्यूब मात्र सुसाट. हे इंटरनेट कंपनीवाले मुद्दामच दाबून राहिले.

वानखेडे काकू: आमचं तर रात्री नऊनंतर सगळंच फिरत बसते.

देशमुख काका: टोरेंट म्हणजे चोरीचे सिनेमेच ना? बंद असलेलंच बरं.

अनघा, ए-१०१: काका, तसं नाही. फाईलचे तुकडे एकमेकांच्या कॉम्प्युटरवरून घ्यायची ती पद्धत आहे. उबंटू, डेबियनवाले स्वतःच टोरेंट देतात.

निखिल, शंका रास्त आहे. अमेरिकेत कॉमकास्ट या इंटरनेट कंपनीनं हे केलेलं आहे. २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेनं तपासलं, तर अपलोड चालू असताना कंपनीच मधून खोटे रिसेट पॅकेट, म्हणजे ‘कनेक्शन तोड’ असे संदेश, सोडत होती. दोन्हीकडच्या कॉम्प्युटरला वाटायचं, समोरच्यानंच कनेक्शन तोडलं. २००८ मध्ये एफसीसीनं, म्हणजे तिथल्या दूरसंचार नियामकानं, हे बंद करायला सांगितलं. २०१० मध्ये कोर्टानं तो आदेश रद्द केला, पण तोवर कंपनीनं पद्धत बदलली होती.

आपल्याकडे २०१८ पासून इंटरनेट कंपन्यांच्या परवान्यातच अट आहे, की अमुक प्रकारचा डेटा म्हणून तो अडवायचा किंवा हळू करायचा नाही. ट्रॅफिक मॅनेजमेंटची, म्हणजे नेटवरची गर्दी आवरायची, सूट आहे, पण तीही वाजवी, तात्पुरती आणि ग्राहकाला सांगून. म्हणून तुझी तक्रार पुराव्यानिशी जावी असं मला मनापासून वाटते.

वायफाय नको, लॅन केबल लाव. तीच फाईल आधी साधी उतरव, मग व्हीपीएन लावून, म्हणजे आत काय चाललं ते कंपनीला दिसत नाही. वेगवेगळ्या वेळी करून बघ. दर वेळी व्हीपीएनवरच पळत असेल तर संशयाला जागा आहे. दोन्हीकडे रखडत असेल तर कारण दुसरं.

राउटरमध्ये वॅन आयपी, म्हणजे कंपनीनं तुझ्या राउटरला दिलेला पत्ता, तोही बघ. १००.६४ ते १००.१२७ मधला असेल तर एकच पब्लिक आयपी (बाहेरच्या इंटरनेटला दिसणारा पत्ता) बऱ्याच घरांत वाटलेला आहे. मग बाहेरचा कोणी सहसा तुझ्याशी जोडू शकत नाही, तुलाच जोडावं लागते. सीडर, म्हणजे पूर्ण फाईल देणारे, कमी असले की टोरेंट रडतेच, त्यात कोणी दाबायची गरज नाही.

काकू, तुमच्याकडे सगळंच अडते, म्हणजे बहुतेक संध्याकाळची गर्दी. तुमची तक्रार वेगळी टाका, याच्यात मिसळू नका.

निखिल, बी-३०२: ताई, १००.७८ दाखवून राहिलं. व्हीपीएनवरही तेवढंच हळू.

अनघा, ए-१०१: मग आधी पब्लिक आयपी माग. ॲपवर लेखी टाक आणि तक्रार नंबर जपून ठेव, फोनवरच्या बोलण्याचा काही उपयोग नाही. आयपी मिळाल्यावरही टोरेंटच तेवढं अडलं, तर मी तुझ्यासोबत ऑफिसला येते.

देशमुख काका: अजून कोणाकोणाचं १०० नं सुरू होते ते इथंच टाका. पत्र सोसायटीच्या लेटरहेडवर काढतो.

वानखेडे काकू: ते वॅन आयपी कुठं दिसते? निखिल, येतो का बापा जरा वर?