मदत हवी आहे: सासऱ्यांच्या लसी, तीन डॉक्टर आणि एकही धड कागद नाही (तासगाव–मिरज)

नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातल्या एका गावात राहतो. सासरे ६७ वर्षांचे, त्यांना आम्ही मामा म्हणतो. शुगर १८ वर्षांपासून, आणि गेली दोन वर्षं क्रिएटिनिन (किडनीचं काम कळायची रक्ततपासणी) हळूहळू वाढतंय. डायलिसिस अजून नाही. शुगरचे डॉक्टर सांगलीत, किडनीचे मिरजेत, डोळ्यांचे आणखी तिसरीकडे. सर्दी-तापाला तासगावचे एक फिजिशियन आहेत, ते मामांना वीस वर्षं ओळखतात.

डिसेंबरात मामांना न्यूमोनिया झाला. बागेत कामाची घाई होती, त्यांनी खोकला अंगावर काढला. सहा दिवस आयसीयूत होते. डिस्चार्जच्या कागदावर शेवटच्या ओळीत लिहून दिलं होतं, 'फ्लू व न्यूमोकोकल लस घेणे', म्हणजे फ्लूची आणि न्यूमोनियाची. ती ओळ घेऊन मी पाच महिने फिरतेय. शुगरचे डॉक्टर म्हणाले, किडनीवाल्यांना विचारून घ्या. किडनीचे म्हणाले, जरूर घ्या, पण आधी कावीळ बीची सुरू करा, पुढे डायलिसिसची वेळ आली तर ती झालेली असावी. कुठे घ्यायची, कोण टोचणार, कोणती कधी, हे कुणी सांगितलं नाही. कुणाचं वागणं वाईट नाही हो. पण बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात, आपला नंबर चार मिनिटांत संपतो.

मार्चमध्ये कावीळ बीचा पहिला डोस घ्यायचा ठरला, तर सिस्टर निघून गेलेल्या. 'मेडिकलमधून घेऊन जा, गावाकडे टोचून घ्या,' म्हणाले. दुकानातून डबी बर्फाच्या पिशवीत घालून मिळाली. एसटीत दीड तास ती मांडीवर धरून बसले. तासगावला उतरेपर्यंत निम्म्या बर्फाचं पाणी झालं होतं आणि बाटली उरलेल्या बर्फाच्या खड्याला चिकटली होती. डॉक्टरांनी ती उजेडाला धरून पाहिली, पुन्हा पिशवीत ठेवली आणि म्हणाले, 'ही मी मामांना देणार नाही.' पैसे गेले त्यापेक्षा महिना वाया गेला याचं वाईट वाटलं. एप्रिलमध्ये मिरजेला जाऊन डोस घेतला. लसीचं स्टिकर त्यांनी बिलाच्या मागे चिकटवून दिलं. बिलावरची तारीख आत्ताच पुसट व्हायला लागली आहे, दुसरी नोंद कुठेच नाही.

माझ्या मुलाचं बघा. त्याचं एक कार्ड आहे. जन्मल्या दिवशीच्या बीसीजीपासून गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसापर्यंत प्रत्येक तारीख त्यावर आहे. आशाताई आदल्या दिवशी दारात येऊन सांगून जायच्या, 'वहिनी, उद्या अंगणवाडीत सत्र आहे, बाळाला घेऊन या.' एकही डोस चुकला नाही. घरातल्या सगळ्यात आजारी माणसासाठी मात्र असं कार्ड नाही, आणि आठवण करणारंही कुणी नाही. मीच ती पिशवी घेऊन फिरणार.

आता घरात दोन मतं आहेत. दीर म्हणतात, सगळं उचलून मिरजेच्या एका मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, सगळे डॉक्टर एका छताखाली, एकच फाइल. मला वाटतं तासगावच्या डॉक्टरांनाच मुख्य धरावं आणि मिरजेला फक्त किडनीसाठी जावं. मामांना विचारलं तर ते म्हणतात, जिथं लवकर घरी येता येईल तिथं न्या. तुमच्यापैकी कुणी असं काही केलं असेल तर खरा अनुभव सांगा. बर्फातल्या लसीचं नेमकं काय बिघडतं तेही समजून घ्यायचंय. पावसाळ्याआधी फ्लूची व्हायला हवी असंही ऐकलंय.

कृष्णाकाठ: ताई, मी आरोग्य खात्यात सिस्टर होते. डॉक्टरांनी टोचली नाही ते योग्यच केलं. लस २ ते ८ अंशांत ठेवायची असते. लोकांना उन्हाची भीती वाटते, पण कावीळ बीच्या लसीला गोठणं जास्त घातक. एकदा गोठली की औषध गुठळून तळाला बसतं, मग टोचूनही उपयोग होत नाही. आम्ही सत्राला जातानासुद्धा आइसपॅक फ्रीझरमधून काढला की घाम फुटेपर्यंत बाहेर ठेवायचो, मगच डब्यात. फ्लूची आणि न्यूमोनियाचीही गोठवून चालत नाही. म्हणून जिथे टोचणार तिथल्याच फ्रीजमधली लस घ्या, अंगावर वाहून नेऊ नका.

किडनीच्या पेशंटला कावीळ बीचा डोस दुप्पट, ४० मायक्रोग्रॅमचा देतात: आज, १ महिन्याने, २ महिन्यांनी आणि ६ महिन्यांनी. शेवटच्या डोसानंतर महिना-दोन महिन्यांनी रक्तात अँटिबॉडी तपासतात, १० च्या वर हवी. डायलिसिस सुरू व्हायच्या आधी ही लस जास्त चांगली लागू पडते, तेव्हा आता थांबू नका. मेमध्ये दुसरा डोस येतोय ना?

विटेकर: आईचं आम्ही वर्षभर एका छताखाली करून पाहिलं. इमारत एक होती, पण डॉक्टरांचे वार वेगळे. प्रत्येकजण आपलं पान लिहून पुढे पाठवायचा, मागचं पान वाचायला कुणाला वेळ नव्हता. तपासण्यांचे रिपोर्ट एकत्र मिळायचे, तेवढा फायदा खरा. शेवटी आमच्या गावच्या डॉक्टरांना स्पष्ट विचारलं, 'आईची जबाबदारी तुम्ही घ्याल का?' ते हो म्हणाले आणि फरक पडला. तुम्हीही किडनीच्या डॉक्टरांकडून सगळ्या लसी आणि तारखा एकाच कागदावर, सही-शिक्क्यासह लिहून घ्या. तो तासगावला द्या, फोटो दिरांच्या मोबाइलमध्ये ठेवा. आभा कार्ड (तब्येतीचे कागद मोबाइलवर ठेवायचं सरकारी खातं) काढा, पण त्यात कागद आपोआप चढतील असं समजू नका. दवाखाना त्याला जोडलेला असेल तरच चढतात.

न्यूमोनियाची विचारताना कोणती देणार ते विचारा. आकडा म्हणजे ती जंतूच्या किती प्रकारांवर चालते ते. आमच्या आईला आधी १३ वाली आणि ८ आठवड्यांनी २३ वाली दिली. २० वाली मिळाली तर एकाच डोसात भागतं.

पलूसची_सून: २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीनंतर सरकारी दवाखान्यांत गरोदर बायका आणि शुगर-बीपीच्या पेशंटना फ्लूची लस मोफत द्यायला सुरुवात झाली होती. साठा आहे का ते फोनवर विचारून मगच निघा.

धागाकर्ती: तिघांचेही मनापासून आभार. काल संध्याकाळी तासगावला जाऊन आले. विटेकर दादांनी लिहिलं तसंच विचारलं. डॉक्टर थोडा वेळ गप्प राहिले, मग ड्रॉवरमधून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर मामांचं नाव लिहिलं. त्यांच्याकडे लसींचा वेगळा फ्रीज आहे, दारावर थर्मामीटर लावलाय, काल ५ दाखवत होता. फ्लूची आणि न्यूमोनियाची एकाच दिवशी, दोन वेगवेगळ्या दंडांवर देता येतील म्हणाले. दिरांना वही दाखवली. ते म्हणाले, तीन महिने करून बघू. बिलामागचं स्टिकर मी सोडवून वहीत चिकटवलं आणि शेजारी तारीख पेनाने लिहिली.

एकच राहिलं. मामांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. टोचल्यावर दंड सुजतो का, गोळी त्या दिवशी द्यायची का, हे सोमवारी विचारणार आहे. कुणाच्या घरी असं झालं असेल तर त्याआधी लिहा.