लाल फांद्यांचा स्पंज घरच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये आणू नये, असं माझं ठाम मत

रीफवेडा (धागाकर्ता):
कॅरिबियन समुद्रातून येणारा लाल-केशरी फांद्यांचा स्पंज दुकानात दिसला की मोह होतोच. तरी घेऊ नका. स्पंजला तोंड नाही, पोट नाही. अंगावरच्या बारीक छिद्रांतून पाणी ओढायचं, त्यातले जीवाणू आणि अतिसूक्ष्म प्लवक (पाण्यात तरंगणारे जीव) गाळून खायचं, हेच त्याचं जगणं. आपण मात्र स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि कार्बन (घाण, रंग शोषणारा कोळसा) लावून पाणी काचेसारखं करतो. त्याची उपासमार सावकाश होते, सांगाडा उभाच राहतो. म्हणून कुणी ‘दोन महिने झाले, मस्त आहे’ म्हटलं तरी माझा विश्वास नाही.

काव्या_ठाणे:
असहमत. बरेच स्पंज हाताळणीत मरतात. पाण्याबाहेर धरला की आतल्या नळ्यांत हवा अडकते आणि तेवढा भाग सडू लागतो. मी टबात स्पंजला आधी टँकच्या पाण्याची सवय करून देते, मग पाण्यातल्या पाण्यात डब्यात घेऊन टँकमध्ये सोडते. जागा सावलीची हवी, नाहीतर अंगावर शेवाळ चढतं. प्रवाह गाळ बसू न देण्याइतका. टँकचे दिवे बंद झाल्यावर स्किमर थोडा वेळ बंद करून फायटो (वनस्पती-प्लवकाचं द्रव खाद्य) घालायचं. पांढरा बुळबुळीत डाग दिसला की धारदार ब्लेडने पाण्याखालीच निरोगी भागापर्यंत कापायचं. माझ्याकडच्या स्पंजच्या टोकांना फिकट नवी वाढ आहे, ती उपाशी जिवाला येत नाही.

रीफवेडा:
आणि सिलिका? या स्पंजांच्या अंगातल्या सूक्ष्म काड्या सिलिकाच्या असतात. आपण आरओ-डीआय (पाण्यातले क्षार काढणारा फिल्टर) लावून तेच काढून टाकतो. परत घालावं तर काचेवर तपकिरी डायटम (सिलिकावर वाढणारं सूक्ष्म शेवाळ). पाण्यात साचणारं नायट्रेट सांभाळतानाच दमलेल्या नवशिक्याला हे झेपेल?

काळोखातला_सम्प:
दोघंही विकतच्या स्पंजवरच अडलात. ओव्हरफ्लोच्या पेटीत (टँकचं पाणी सांडून खाली जातं ती) टॉर्च मारून बघा. टोकाला बारीक काट्यांचा मुकुट असलेल्या इवल्या पांढऱ्या पिशव्या दिसतील, ते सायकॉन नावाचे छोटे स्पंज. लाइव्ह रॉकवरून (समुद्रातल्या जिवांसकट आणलेल्या दगडांवरून) येतात, न मागता वाढतात. डी खुई (de Goeij) या संशोधकाच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं, की प्रवाळातल्या कपारींतले स्पंज विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य शोषतात, आपल्या पेशी झपाट्याने टाकून नव्या करतात, आणि तो कचरा इतर प्राणी खातात. सम्पचा (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीचा) एक कप्पा अंधारात ठेवा, खरवडू नका.

काव्या_ठाणे:
मग हे माझ्याच बाजूचं झालं! ते विरघळलेलं द्रव्य आपला कार्बनच ओढून घेतो. तो कमी करा.

नवा_खारा:
मालवणला ओहोटीत खडकांवर स्पंज दिसतात. एखादा आणला तर?

काळोखातला_सम्प:
अजिबात नको. तिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. चुनखडी सांगाड्याचे सगळे स्पंज २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या संरक्षित प्राण्यांच्या परिशिष्टात घातले गेले. खडकावरून उपटताना बुंधा फाटतो, तो निराळाच.

रीफवेडा:
काव्या, कार्बन कमी करणं मान्य. पण माझ्या टँकमध्ये प्रवाळही आहेत, त्यांच्यासाठी पाणी पिवळं पडू द्यायला मी तयार नाही. स्पंजसाठी वेगळा, कमी उजेडाचा टँक लावणार असाल तर माझा विरोध मागे. दुकानदाराने हे विकतानाच सांगायला हवं.